बगीचा ताणावर, माणूसही ताणावर : मानसशास्त्राचे प्राध्यापक नेमकं काय शिकवतात, काय शोधतात?

काटोल : डिसेंबर लागला की आपल्याकडे दोन संत्रावाले भेटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला. "बगीचा ताणावर सोडला का?" अंबिया बहार धरायचा तर झाडाचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होतात, झाड थांबतं. मग नेमक्या वेळी पाणी दिलं की फूट निघते, फुलं येतात. ताण कमी पडला तर बहार फुटत नाही आणि जास्त झाला तर झाडच खचतं. जमीन हलकी की भारी, यावर किती दिवस ठेवायचा ते ठरतं. हे काटोल-नरखेडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

पण हाच शेतकरी स्वतः ताणावर असतो तेव्हा त्याचं माप कोणी घेत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ सुरू होते, बँकेचा हप्ता तोंडावर येतो, व्यापारी सौदा करून इसार देऊन जातो आणि भाव पडले की फोन उचलत नाही. घरात विचारलं तर उत्तर एकच, "काही नाही, टेन्शन आहे जरा." किती दिवसांपासून आहे, किती आहे, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही.

ही रीत बसवायचं काम ज्या विषयाचं, तो विषय म्हणजे मानसशास्त्र. मुलाने किंवा मुलीने बी.ए.ला हा विषय घेतला की घरचे विचारतात, "हे घेऊन करशील काय? येड्याचा डॉक्टर होशील का?" म्हणून या विषयाचे प्राध्यापक वर्गात काय शिकवतात, संशोधन कशावर करतात आणि त्याचा आपल्या तालुक्यातल्या माणसाला काय उपयोग, हे या लेखात साध्या भाषेत पाहू.

आधी फरक समजून घ्या

तीन शब्द आपण नेहमी एकात एक मिसळतो.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो गोळ्या लिहून देऊ शकतो.

मानसशास्त्रज्ञ म्हणजे माणसाच्या वागण्याचा, विचारांचा, स्मरणशक्तीचा आणि भावनांचा अभ्यास करणारा. तो डॉक्टर असतोच असं नाही. त्यातले जे आजारी माणसांची तपासणी आणि मानसिक उपचार करतात त्यांना चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणतात. त्या कामासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते.

समुपदेशक म्हणजे ऐकून घेणारा, प्रश्न सोडवायला मदत करणारा प्रशिक्षित माणूस.

मानसशास्त्राचा प्राध्यापक बहुतेक वेळा दुसऱ्या गटातला. तो शिकवतो आणि माणसांवर संशोधन करतो. जगात या विषयाची पहिली प्रयोगशाळा १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी काढली. आपल्या देशात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला. म्हणजे हा विषय काही कालपरवाचा नाही.

वर्गात काय असतं? सामान्य मानसशास्त्र, मुलाच्या वाढीचं मानसशास्त्र, समाजात माणूस कसा वागतो ते सामाजिक मानसशास्त्र, आजारांबद्दलचं अपसामान्य मानसशास्त्र. सोबत संख्याशास्त्र आणि प्रात्यक्षिकं. होय, सायन्सवाल्यांसारखी प्रात्यक्षिकं. कोणाला शब्दांची यादी देऊन किती लक्षात राहतात ते मोजायचं, कोणाला आकृत्यांमधली सुटलेली आकृती ओळखायला लावायची. हे कागदी खेळ पुढे शेतकऱ्याच्या उपयोगी कसे पडले, त्याची गोष्ट आता.

उसाचं शेत हीच प्रयोगशाळा

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात एल्डार शफीर नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक आहेत. माणूस निर्णय कसे घेतो, हा त्यांचा आवडीचा विषय. त्यांना प्रश्न पडला की पैशाची चणचण असलेला माणूस कधी कधी स्वतःचंच नुकसान करणारे निर्णय का घेतो? एका कर्जासाठी दुसरं कर्ज, कागद न वाचता सही, तारीख विसरणं, हे का होतं? लोक म्हणतात त्याला अक्कल नाही. शफीर यांना शंका होती की गोष्ट उलटी असेल. अक्कल आहे, पण चणचणच ती खाऊन टाकते.

हे तपासायला त्यांनी, आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि जियायिंग झाओ या सहकाऱ्यांसह, तामिळनाडूतले ऊस उत्पादक निवडले. विळुपुरम आणि तिरुवण्णामलै या भागातल्या ५४ गावांतले ४६४ शेतकरी. ऊसच का? कारण उसाचा पैसा वर्षातून एकदाच, कापणीनंतर येतो. कापणीआधीचे महिने ओढाताणीचे आणि नंतरचे सैल. माणूस तोच, शेत तेच, शिक्षण तेच, फक्त हातातला पैसा बदलतो.

आकडे पाहा. कापणीआधी या शेतकऱ्यांपैकी ७८ टक्क्यांनी काही ना काही गहाण टाकलं होतं, कापणीनंतर ४ टक्क्यांनी. कापणीआधी ९९ टक्क्यांवर कर्ज होतं, नंतर १३ टक्क्यांवर.

मग तीच वर्गातली प्रात्यक्षिकं काढली. आकृतीतला सुटलेला तुकडा ओळखायचा. दहा आकृत्यांपैकी कापणीआधी सरासरी ४.३५ बरोबर आल्या, कापणीनंतर त्याच माणसांच्या ५.४५. दुसरा खेळ पटकन लक्ष देऊन उत्तर द्यायचा होता. त्याला आधी सरासरी १४६ सेकंद लागले, नंतर १३१. चुकाही कमी झाल्या.

कोणी म्हणेल, कापणीनंतर हवामान बदललं असेल, सण असेल. त्याचीही तजवीज होती. कारखाना ऊस तोडायच्या तारखा पाळीपाळीने देतो. त्यामुळे एकाच महिन्यात एकाची कापणी झालेली आणि शेजाऱ्याची बाकी, अशी तुलना करता आली. निष्कर्ष तोच राहिला. हा अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

याचा अर्थ काय? डोकं म्हणजे घरातली एकच मोटर समजा. तिच्यावर पिण्याचं पाणीही चढवायचं आणि ओलीतही करायचं. एका बाजूचा वॉल्व्ह सतत उघडा राहिला तर दुसऱ्या बाजूला धार बारीकच येणार. "हप्ता कुठून भरू" हा विचार रात्रंदिवस चालू असेल तर बाकी कामासाठी डोक्यात जागा उरत नाही. शेतकरी मूर्ख होत नाही, त्याची मोटर दुसरीकडे गुंतलेली असते.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. विज्ञानात एका प्रयोगावर थांबत नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत कमी पगाराच्या लोकांची पगाराआधी आणि पगारानंतर अशी तपासणी झाली, तिथे बुद्धीच्या चाचण्यांमध्ये असा फरक सापडला नाही. महिन्याच्या पगाराची वाट पाहणं आणि वर्षाच्या पिकाची वाट पाहणं यात फरक असतो, हे एक कारण असू शकतं. वाद चालू आहे. प्राध्यापक म्हणून हेही शिकवावं लागतं की एक पेपर म्हणजे ब्रह्मवाक्य नाही.

आपल्या हिशोबात याचा अर्थ

संत्रा आणि ऊस यांच्यात एक साम्य आहे. पैसा एकदम येतो, तोही बहाराच्या वेळी. अंबियाची फळं साधारण ऑक्टोबरपासून निघतात, मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. मधले महिने फवारणी, खत, मजुरी आणि आंतरमशागतीचे. म्हणजे खर्च आधी, पैसा नंतर. नेमक्या याच तंगीच्या काळात बगीच्याचा सौदा ठरतो, पीक विम्याचे कागद भरायचे असतात, कर्जाचं नवं-जुनं करायचं असतं. सगळ्यात महत्त्वाचे निर्णय आपण सगळ्यात वाईट डोक्याने घेतो.

यातून तीन साध्या गोष्टी निघतात.

एक, सौदा एकट्याने करू नका. घरातला एक माणूस, भाऊ असो, बायको असो की शिकलेली पोरगी, सोबत बसवा. इसार किती, बाकी कधी, फळगळ झाली तर काय, हे कागदावर लिहा. त्या दिवशी सही न करता एक रात्र जाऊ द्या.

दोन, पैसा हातात आला त्याच आठवड्यात पुढच्या खताची, शाळेच्या फीची सोय लावा. केनियातल्या मका शेतकऱ्यांवर एस्थर डुफ्लो, मायकल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी हेच तपासलं होतं. शेतकऱ्यांना खत घ्यायचं असायचं, पण पेरणीपर्यंत पैसा उरायचा नाही. पीक निघाल्याबरोबर "आत्ता पैसे भरा, खत घरपोच देतो" असं सांगितल्यावर खताचा वापर वाढला. किंमत कमी केली नव्हती, फक्त वेळ बदलली होती. डुफ्लो आणि क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तीन, ही गोष्ट शेतकऱ्यासाठी नाही, कार्यालयांसाठी आहे. दहा कागदांचा अर्ज आणि पाच चकरा हा नुसता त्रास नाही, तंगीतल्या माणसासाठी तो वेगळा कर आहे. फॉर्म सोपा करणं, शेवटच्या तारखेची आठवण मोबाईलवर देणं, याला खर्च फार लागत नाही.

टेन्शन कुठे संपतं, आजार कुठे सुरू होतो?

आता दुसरा भाग. प्रत्येक टेन्शन म्हणजे आजार नाही. भाव पडले तर कोणालाही वाईट वाटेल. पण ताण हटत नाही, माणूस खचत जातो, तेव्हा त्याला नैराश्य, म्हणजे डिप्रेशन म्हणतात. हा आजार आहे. "मनाने कमजोर आहे" असं म्हणून तो जात नाही.

दवाखान्यात हे ओळखायला नऊ प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. तिचं नाव पीएचक्यू-९. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात. कामात मन लागतं का? उदास, निराश वाटतं का? झोप येते का, की जास्तच येते? थकवा? भूक? आपण बेकार आहो असं वाटतं का? लक्ष लागतं का? हालचाल मंदावली किंवा उगाच तळमळ वाढली का? आणि शेवटचा, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का? प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. ही यादी निदान नाही, तापमापक आहे. ताप किती ते कळतं, कारण डॉक्टर शोधतो.

आपल्याकडे माणूस "मी उदास आहो" असं म्हणतच नाही. तो म्हणतो डोकं दुखते, अंग दुखते, छातीत धडधड होते, झोप नाही येत. मग वर्षभर पित्ताच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या चालतात. हे फक्त काटोलचं नाही. मुंबईत शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ आणि आता हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. विक्रम पटेल सुरुवातीला झिम्बाब्वेत काम करायला गेले, तेव्हा तिथले लोकही डिप्रेशन असा शब्द वापरत नव्हते. शोना भाषेत ते 'कुफुंगिसिसा' म्हणत, म्हणजे विचार फार होणं. आपल्या आजीच्या तोंडचं "लय विचार करते तो" हेच.

डॉक्टर कमी, तर मग? गोव्यातला प्रयोग

डॉ. पटेल भारतात परतले आणि १९९६ मध्ये गोव्यात काही सहकाऱ्यांसह 'संगाथ' ही संस्था सुरू केली. प्रश्न सरळ होता. मनाचे डॉक्टर मूठभर, तेही शहरात. मग गावातला माणूस कोणाकडे जाईल? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही हेच दिसलं. देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते.

'संगाथ'ने वेगळा रस्ता धरला. डॉक्टर नसलेल्या, पण स्थानिक भाषा बोलणाऱ्या, शिकलेल्या माणसांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण द्यायचं, त्यांच्या कामावर तज्ज्ञांनी नजर ठेवायची आणि सौम्य-मध्यम आजार त्यांनी हाताळायचा. जास्त आजारी माणूस डॉक्टरकडे पाठवायचा.

'मानस' नावाचा पहिला मोठा प्रयोग गोव्यातल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत झाला. निकाल २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सरकारी केंद्रांत आजाराचं निदान झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले. जिथे असे समुपदेशक नव्हते तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

दुसरा प्रयोग जास्त आजारी लोकांवर झाला. गोव्यातली १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण, सगळे बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे. अर्ध्या लोकांना नेहमीच्या उपचारासोबत समुपदेशकाच्या सहा ते आठ बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. जादू म्हणता येणार नाही, सगळेच बरे झाले नाहीत. पण शंभरात पंचवीस जास्त माणसं उभी राहिली, तीही मनाच्या डॉक्टरांशिवाय.

ताण तोडायची रीत

या बैठकांमध्ये करतात काय? नुसता धीर देतात? नाही. त्यामागे मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचं संशोधन आहे.

१९७० च्या दशकात ओरेगॉन विद्यापीठातले पीटर लेविन्सन यांनी मांडलं की उदास माणूस हळूहळू कामं सोडतो. कामं सोडली की आनंद देणारे, शाबासकी देणारे प्रसंगच कमी होतात. त्यामुळे तो आणखी उदास होतो. हे चक्र आहे. पुढे १९९६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विचार बदलण्याच्या लांबलचक उपचारातला फक्त "छोटी कामं परत सुरू करा" एवढा भाग दिला, तरी जवळपास तेवढाच फायदा होतो. हीच पद्धत गोव्यात साध्या भाषेत उतरवली.

आपल्या भाषेत सांगायचं तर समजा एखादा माणूस आधी रोज सकाळी बगीच्यात फेरी मारायचा, पारावर बसायचा, शनिवारी बाजाराला जायचा. नुकसान झालं आणि बाहेर निघणं बंद झालं. घरात पडून राहतो. लोक विचारतील म्हणून लग्नालाही जात नाही. पडून राहिलं की विचार वाढतात. विचार वाढले की झोप जाते. झोप गेली की सकाळी उठवत नाही.

समुपदेशक त्याला "हिंमत ठेव" म्हणत नाही. तो आधी दिवसाचा हिशोब मांडतो. सकाळी काय केलं, तेव्हा कसं वाटलं, दुपारी काय केलं, तेव्हा कसं वाटलं. मग एक छोटं काम ठरतं. फक्त दहा झाडांपर्यंत जाऊन यायचं. मन असो की नसो. पुढच्या वेळी विचारतो, गेला का? नाही गेला तर काय आडवं आलं? काम अजून लहान करू. हळूहळू फेरी पूर्ण होते, मग एका मित्राकडे जाणं होतं. अडचण खरी असेल, जसं कर्जाचं, तर तिचे तुकडे पाडून एकेक सोडवायला बसतात. दारूची सवय असेल तर तिच्यावर वेगळं बोलतात, कारण दारूने झोप येते असं वाटतं, पण झोप मोडते आणि उदासी वाढते.

बगीच्याचा ताण तोडताना आपण पहिल्या दिवशी भरपूर पाणी देत नाही. पहिलं पाणी हलकं देतो, मग वाढवत नेतो. इथेही तसंच. "ऊठ, कामाला लाग" हे एकदम दिलेलं भरपूर पाणी झालं. त्याने उपकार होत नाही, अपराधीपण वाढतं. आणि एक फरक ध्यानात ठेवा. "मन झालं की करीन" असं नसतं. आधी करायचं, मन मागून येतं.

शेजारच्या अमरावतीत काय झालं?

गोवा लांब आहे, तिथलं इकडे चालेल का? त्याचं उत्तर आपल्या शेजारीच मिळालं. नरखेड ओलांडलं की वरूड, म्हणजे अमरावती जिल्हा. त्या जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेला हाच आपला विदर्भ. गावातल्या कार्यकर्त्यांनी बैठका घेऊन ताण, नैराश्य आणि दारूबद्दल बोलायचं, प्रशिक्षित समुपदेशकांनी गावातच भेटायचं आणि गरज पडली तर ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, अशी रचना होती.

डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचा निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'मध्ये मांडला. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण, ४.३ टक्के, उपचारासाठी कोणाकडे गेले होते. कार्यक्रमानंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के झालं. म्हणजे सहापट. तरीही शंभरातले बहात्तर-त्र्याहत्तर जण बाहेरच होते, हेही त्याच आकड्यात दिसतं. पण "आपले लोक अशा गोष्टींसाठी जातच नाहीत" हे म्हणणं खोटं ठरलं. जवळ कोणी ऐकणारं असेल, समजेल अशा शब्दांत बोलेल, तर लोक जातात.

काटोलला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. झाडावर डिंक्या आला, कोळशी आली, तर कोणाला विचारायचं ते आपल्याला माहीत आहे. माणसावर आली तर कोणाला विचारायचं, हेही तितकंच माहीत असलं पाहिजे.

कुठे जायचं, काय करायचं?

* टेलि-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. चोवीस तास, फुकट आणि मराठीतही बोलता येतं. नातेवाईकांनी फोन केला तरी चालतो.
* ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे तज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात हे आधी विचारून जा, म्हणजे चक्कर वाया जाणार नाही. डॉक्टरला अंगदुखीसोबत झोप आणि मन याबद्दलही सांगा.
* आजार जास्त असेल तर नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय. तिथे गेलं म्हणजे माणूस वेडा ठरला, असं नाही. बाह्यरुग्ण म्हणून दाखवून, गोळ्या घेऊन लोक त्याच दिवशी घरी येतात.
* गोळ्या सुरू झाल्या तर मनाने बंद करू नका. असर दिसायला काही आठवडे लागतात.

कोणी "आता जगून काय करू" असं बोलत असेल, अचानक देणंघेणं आवरायला लागला असेल, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "मरायचा विचार येते का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसतो, ही भीती चुकीची आहे. उलट बोलल्याने ओझं हलकं होतं. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलूप लावून किल्ली दुसऱ्याजवळ ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पोलीस केस होईल म्हणून काही घरं लपवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, जो २०१८ पासून लागू आहे, त्यात स्पष्ट आहे की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरायचं. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे, ही सरकारची जबाबदारी आहे.

आणि हा विषय घेतलेल्या पोरापोरींसाठी

मानसशास्त्र घेतलं म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं, हा गैरसमज पहिल्या महिन्यातच जातो. उरतं ते काम. नीट प्रश्न विचारणं, उत्तर न तोडता ऐकणं, आकडे मोजणं, आपला अंदाज चुकला तर मान्य करणं. बी.ए. झाल्याबरोबर कोणी उपचार करू शकत नाही, त्यासाठी पुढे एम.ए. आणि वेगळं प्रशिक्षण लागतं. शाळांत, रुग्णालयांत, सामाजिक संस्थांत, शेती विभागाच्या योजनांत अशा माणसांची गरज आहे.

वर सांगितलेले दोन्ही मोठे अभ्यास पाहा. एक उसाच्या शेतात झाला, दुसरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकड्यावर. संत्र्याच्या बगीच्यात असा अभ्यास व्हायचा असेल तर तो करायला इथलीच भाषा आणि इथलाच हंगाम माहीत असलेला माणूस लागेल. फळगळीच्या महिन्यात बापाची झोप कशी उडते, हे प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाला विचारत बसावं लागेल. काटोलच्या पोरीला ते माहीत आहे.

तोवर आपण एवढं करू शकतो. पुढच्या वेळी दोघं भेटलो आणि बगीच्याच्या ताणाची चौकशी झाली, की आणखी एक प्रश्न विचारायचा. "आणि भाऊ, तुझी झोप कशी आहे?"